ओल्या बोटाचा सांधा

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, फिल्टर पेपरच्या गठ्ठ्यामागे, रबरी हातमोज्यांची एक जोडी होती आणि ती मी लपवून ठेवली होती. कुणी पळवील म्हणून नव्हे. कुणाला दिसली असती तर त्या माणसाने विचारलं असतं, मोजे कशाला? त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते मला द्यायचं नव्हतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दिवसांतही नाही. आज लिहितोय, तरी हात आखडतोच आहे.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वर्ध्यातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. हिंगणघाटला आमचं कापडाचं दुकान. मी गादीवर बसावं अशी वडिलांची इच्छा होती. मी बसलो नाही, शिकलो, पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि तिथेच अडकलो. माझा विषय असा होता, की औषधं डीएनएला जाऊन चिकटली की त्याच्या लवचीकपणाचं काय होतं.

हे ऐकायला जड वाटतं. पण कापसाच्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगणं तसं सोपं आहे. डीएनए म्हणजे पिळाचं दुपदरी सूत. दोन पदरांच्या मधे, पायऱ्यांसारख्या, चपट्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, टोपल्यात भाकरींची चवड असते तशा. आता काही औषधं या सुताच्या बाहेरच्या खाचेत नुसती पडून राहतात. त्यांनी सूत थोडं वाकतं, एवढंच. काही मात्र चपटी असतात. ती दोन भाकरींच्या मधे कागद सरकवावा तशी आत घुसतात. घुसली की चवड उंच होते, म्हणजे सूत लांबतं. त्याचा पीळ सुटतो. आणि जे सूत एरवी सहज लवत होतं, वळत होतं, ते ताठ होतं. पेशीत तर या सुताला सारखं वाकावं लागतं, मुडपावं लागतं. त्याची नक्कल निघावी लागते. ताठ झालेल्या ठिकाणी नक्कल चुकते. एखादं अक्षर जास्तीचं पडतं, आणि पुढचं सगळं वाक्य बिघडतं.

हे शेवटचं माझ्यासाठी सुरुवातीला फक्त पुस्तकातलं ज्ञान होतं. त्याची भीती वाटायला वेळ लागला.

आमची खोली प्रयोगशाळेच्या मागे होती. तिथे काचेचं एक नाजूक उपकरण होतं, व्हिस्कोमीटर. केसासारख्या बारीक नळीतून डीएनएचं पाणी खाली यायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचने मोजायचं. सूत लांब आणि ताठ, तर पाणी दाट, वेळ जास्त. सगळा प्रबंध त्या सेकंदांवर उभा. पण पाणी पंचवीस अंशांवर ठेवावं लागे, आणि मे महिन्यात आमच्या खोलीत बादलीतलं पाणीसुद्धा गरम व्हायचं. म्हणून बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेली लादी पोत्यात घालून आणायची, फोडायची, आणि तुकडा तुकडा सोडत बसायचं.

डीएनए काढायचा कशातून, हा दुसरा प्रश्न. पुस्तकात लिहिलं होतं, वासराच्या छातीतल्या ग्रंथीतून. वर्ध्यात ते वाक्य मोठ्याने वाचायचीही सोय नव्हती. मी बाजारातल्या खाटकाकडून शेळीच्या करडाची ग्रंथी थर्मासमध्ये बर्फावर घालून आणत असे. ती वाटायची, मीठ, साबणासारखा एक पदार्थ, क्लोरोफॉर्म असं करत करत शेवटी वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि त्यावर हलक्या हाताने थंड अल्कोहोल ओतायचं. दोघांच्या सीमेवर पांढरे तंतू दिसू लागतात. ते काचेच्या कांडीवर गुंडाळून काढायचे. जितकी तार अखंड, तितकं मोजमाप खरं. तुटक तुकड्यांवर औषधाचा परिणाम धड दिसतच नाही.

माझी तार तुटायची. दर वेळी तुटायची. सात-आठ महिने मी करडांच्या ग्रंथींची नुसती नासाडी केली.

आमच्याकडे भांडी धुवायला, बर्फ आणायला एक बाई रोजंदारीवर होती. वयाने माझ्याएवढीच, म्हणजे तिशीच्या अलीकडे. माहेर नाचणगावचं, सासर नालवाडीला. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मी तिला ताई म्हणायचो, ती मला सर. एक दिवस मी कांडी फिरवतोय, तंतू तुटून खाली बसतायत, आणि ती नळाशी बाटल्या विसळता विसळता म्हणाली,

"सर, पेळू तोडून राह्यले तुमी."

"हा काही सूत काढायचा कापसाचा पेळू नाही ताई."

"नसंन. पन तुटून तं तसंच राह्यलं ना? जोर कायले लावता? त्याले येऊ द्या ना त्याच्या त्याच्यानं. इकडं आना."

तिने हात पुसले, कांडी घेतली. अंगठा आणि बोट यांच्यामधे तिला अशी गिरकी दिली, की मला एकदम शाळेतली सूत काढायची तकली आठवली. आमच्या जिल्ह्यात तकली न फिरवता चौथी पास झालेला माणूस मला माहीत नाही. मीही फिरवली होती, पण मास्तरांनी दर वेळी कान पिळून. हिच्या हातात मात्र ती गिरकी आपोआप होती. पांढरी तार वर येत गेली, कांडीला वेढे बसत गेले. मधे एकदा तुटलीच. तिने बोट जिभेला लावलं, दोन्ही टोकं जुळवली, हलकासा पीळ दिला. जुळलं.

"तोंडातली ओल नसंन तं सांधा धरत नाई," ती म्हणाली. "येवढं शिकून बी तुमाले माईत नाई?"

मी हसलो. त्या दिवशी त्यात मीठ आणि अल्कोहोल यापलीकडे काही नव्हतं. शास्त्र म्हणून मात्र ते चूकच होतं. थुंकीत आणि घामात डीएनए कातरणारे पदार्थ असतात. म्हणून ती गेल्यावर मी सांध्याचा तेवढा तुकडा कात्रीने कापून टाकला, आणि पुढेही दर वेळी कापत आलो. तिच्या थुंकीपासून ती तार वाचवायची काळजी मी पहिल्या दिवसापासून घेतली. उलट बाजूची काळजी मला कधी सुचली, ते आता सांगतो.

तिच्या हातच्या तारेवर माझे आकडे सुधारले. कागदावर ठिपके एका रेषेत येऊ लागले. विभागप्रमुख, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, दारातून डोकावून विचारायचे, "काय रे, झालं का तुझं चिकट सरबत?" आणि आलेख पाहून मान हलवायचे. मला बरं वाटायचं. मोठ्या सरांनी तिचं नाव कायम करायच्या यादीत घातलं, तेही माझ्याच शब्दावर. तिला ते कळलं तेव्हा ती दुसऱ्या दिवशी डब्यातून झुणका घेऊन आली होती.

मग लाल औषध आलं.

त्याचं नाव इथिडियम ब्रोमाइड. गडद लाल भुकटी, पाण्यात घातली की अळत्यासारखी. भाकरींच्या चवडीत घुसणाऱ्या औषधांतलं ते अव्वल. पाण्यात थेंब टाकला की स्टॉपवॉचवर सेकंद वाढायचे, आणखी एक टाकला की आणखी. किती औषध सुताला धरून राहतं ते पाहायला मी रंगवलेला डीएनए पुन्हा अल्कोहोलमधून काढायचो. म्हणजे ती काढायची. तार आता गुलाबी यायची. तुटली की बोट जिभेला, बोट तारेला, पुन्हा जिभेला.

"सर, हे पाहा," तिने एकदा कांडी पाण्यातून वर उचलली. कांडीच्या टोकापासून एक बारीक धागा लोंबत राहिला. "बिनरंगाचं पानी असलं का तार जराशी येते अन् तुटते. रंग टाकला का लांब येते. अन् लवत नाई पहिल्यावानी. पीळच गेला हिचा."

माझ्या हातातलं स्टॉपवॉच मी खाली ठेवलं. बोटाला जे जाणवतं ते लाखो तंतूंच्या पाण्याचं असतं, एका तंतूचं नसतं, हे मला कळत होतं. तरी ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर सेकंद मोजत होतो ती तिने एका ओळीत सांगितली होती. संध्याकाळी वहीत मी ते वाक्य माझं म्हणून लिहिलं.

"हा कायचा रंग हाय सर? पक्का दिसते. साबनानं बी जात नाई."

"रंगच आहे, ताई."

"एक चिमूट द्याल? सूत रंगवून पाहीन म्हनते."

"नको, फार महाग असतो." हे मी पटकन बोललो. इतकं पटकन, की ती पाहत राहिली.

कारण त्याच आठवड्यात माझ्या वाचनात आलं होतं. बाहेरची नियतकालिकं आमच्याकडे बोटीने, पाच-सहा महिने उशिरा यायची. जंतूंवर तपासणी करताना हे लाल औषध त्यांच्या पुढच्या पिढ्यांमधे बिघाड घडवतं, अशा अर्थाच्या दोन ओळी होत्या. मी ते पान बंद केलं आणि वाचनालयातून सरळ नळाशी गेलो. कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. नखांच्या कडेला गुलाबी रेघ होती, ती ब्लेडने खरवडली.

माझ्या घरी तेव्हा दिवस गेले होते, तिसरा महिना.

त्या दिवसापासून मी घाबरलेला माणूस झालो. खोलीत घालायचा शर्ट मी घरी नेणं सोडलं. कॉलेजच्या नळावर स्वतः धुवायचो. घरी गेल्यावर आधी अंघोळ, मग पाणी प्यायचं. बायको हसायची, म्हणायची, "लग्नाआधी सांगायचं होतं, एवढे सोवळ्याचे आहात म्हणून." मी तिच्या पोटाला हात लावायचो नाही. तिला वाटायचं मी लाजतो. ओळखीच्या एका कंपाउंडरकडून मी रबरी मोज्यांची जोडी आणली, एकच, आणि ताई बाहेर गेली की ती चढवायचो. तिची पावलं वाजली की उतरवून खणात.

आता मला स्वतःलाच विचारलं पाहिजे, की तिला का नाही दिली? दुसरी जोडी का नाही आणली?

उत्तरं तेव्हा माझ्याकडे भरपूर होती. मोज्यात तिच्या बोटांना तार कळणार नाही. एवढ्याशा रंगाने काय होतंय. आफ्रिकेत गुरांना एका रोगावर हेच औषध टोचतात, गुरं काय मरतात? जंतू निराळे, माणूस निराळा. ही सगळी उत्तरं खरीच होती. पण मी स्वतः त्यातल्या एकावरही विश्वास ठेवत नव्हतो, नाहीतर शर्ट का धुतला असता? खरं उत्तर एवढंच आहे: सांगितलं असतं तर तिने काम सोडलं असतं, आणि माझ्या हातची तार तुटत होती.

दुपारी ती डबा उघडायची तेव्हा मी तिच्या बोटांकडे पाहत बसायचो. कधी हसली तर जिभेची कड जरा जास्तच गुलाबी दिसायची. "पान खाल्ल्यावानी दिसते का सर?" असं एकदा तिने आरशासारखा चमचा धरून विचारलं होतं. मी म्हटलं, "जेवायच्या आधी हात नीट धूत जा." त्या सगळ्या महिन्यांत मी तिला दिलेली सावधगिरीची सूचना ती एवढीच.

पावसाळा संपत आला होता. एका सकाळी बर्फाचं पोतं दारातच टेकवून ती उभी राहिली.

"सर, आजपासून हे उचलाले दुसरं कोनी पाहा."

"का? काय झालं?"

"काऊन म्हंजे?" ती हसली, पदर सारखा केला. "घरी बायको हाय ना तुमच्या? तिले इचारजा."

मला ऐकू आलं, पण समजायला एक क्षण लागला. मग, सहावा तरी असावा असं धरून, मी मागे मोजू लागलो. आषाढ. ज्येष्ठ. वैशाख. चैत्र. गुलाबी तार आम्ही होळीनंतर सुरू केली होती. म्हणजे अगदी सुरुवातीपासून. म्हणजे पहिली चवड रचली जात होती तेव्हापासून.

"बरं नाई का वाटत सर? घाम आला तुमाले."

मी म्हटलं, उकडतंय. ती बादली घेऊन बाहेर गेली. मी व्हिस्कोमीटर पाण्यातून उचलला, कशासाठी उचलला देव जाणे, काहीतरी हातात धरायला हवं होतं. बोटं ओली होती. तो हौदाच्या कडेवर आपटला. बारीक नळीचे तीन तुकडे.

ती बादली भरून परत आली तेव्हा मी तुकडे वेचत होतो. तिने पाहिलं. ती फडकं घेऊन खाली बसली. "राहू द्या सर, तुमच्या हाताले लागन," म्हणाली आणि बारीक काच टिपू लागली.

आवाज ऐकून मोठे सर आले. त्या उपकरणाची दुसरी नळी यायला वर्ष लागणार होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

"कुणी फोडला?"

ती फडकं घेऊन खाली बसलेली. मी उभा. पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. त्यात मत्सर नव्हता, राग नव्हता. भीतीच्या भरात मला एकदम वाट दिसल्यासारखं झालं: हिला इथून हलवायचं. आजच्या आज. खरं कारण न सांगता.

"ताईंच्या हातून निसटला," मी म्हणालो. आणि मग, आणखी पुढे, "अलीकडे त्यांचा हात स्थिर नाही सर. इथल्या कामावर नको. दुसरीकडे कुठे द्या. ऑफिसात, झाडांना पाणी घालायला, कुठेही."

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मोठ्या सरांकडे नाही.

मोठे सर म्हणाले, "दुसरीकडे कुठे जागा आहे? आणि काच फोडणाऱ्या माणसाला मी यादीत कसं ठेवू?"

मी ऑफिस म्हटलं होतं. झाडं म्हटलं होतं. यादीचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तेव्हा बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, तिला हलवायची एवढी घाई का? मग पुढचा, तुला हे कधीपासून माहीत होतं? आणि मग खण उघडावा लागला असता.

मी मान खाली घातली. मोठ्या सरांना ते तिच्यासाठी वाईट वाटल्यासारखं दिसलं असावं. ते म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस."

महिनाअखेरीला तिचं नाव यादीतून गेलं आणि कामही. जाताना ती खोलीत आली. कांडी धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून तिने माझ्या टेबलावर ठेवली.

"येते सर," ती म्हणाली. दारात थांबली. "दुसऱ्या कोनाले शिकवाल तं सांगजा, का जोर नाई लावाचा."

मी काय म्हणालो असेन? "बरं" म्हणालो.

पुढचे महिने मी भीती दोन घरांत वाटून जगलो. माझ्याकडे मुलगा झाला, धडधाकट. नर्सने दाखवला तेव्हा मी आधी त्याची बोटं मोजली आणि मग चेहरा पाहिला. त्या आनंदाच्या दिवशीही माझ्या मनात नालवाडीचीच तारीख चालू होती. प्रबंधाचं काम बंद होतं, नळी आली नव्हती. मी नुसता बसून असायचो आणि डोळ्यांपुढे ती चवड यायची, एकावर एक भाकरी, आणि मधे सरकत जाणारा लाल कागद.

कापूस वेचणीच्या दिवसांत कळलं, ती बाळंत झाली. मी अनुभवाचा दाखला टाइप करून घेतला, त्यावर मोठ्या सरांची सही घेतली, आणि सायकलने नालवाडीला गेलो. दाखला हे निमित्त होतं. रस्त्याने कापसाच्या बैलबंड्या चालल्या होत्या. मी दोनदा उतरून परत फिरायचा विचार केला. 

तिने ओट्यावर चटई टाकली. सासू आतून चहा टाकते म्हणाली. बाळ झोळीत होतं, मुलगी. "पाहू का?" मी विचारलं. झोळीचा पदर बाजूला केला. डोळे, कान, ओठ. ओठ नीट होते. मग हात. मग पाय दुपट्यातून हळूच बाहेर काढले.

"काय मोजून राह्यले सर?" ती हसत म्हणाली. "वीसच्या वीस हायेत. म्या बी मोजलेत."

 मी तसाच चटईवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पाहिलं.  मग आवाज खाली करून, सासूला ऐकू जाऊ नये असा, म्हणाली,

"सर, थे काच तुमच्या हातून फुटलीती. म्या पायलं होतं तुमाले तुकडे वेचतानी. थ्यासाठीच आले ना तुमी?"

मी तिच्याकडे पाहिलं. इथेच, याच क्षणी, सगळं सांगता आलं असतं. मुलगी चांगली होती, भीतीचा पहिला घाला टळला होता. मी होकारार्थी मान हलवली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "राग आलता मले. लय आलता. घरी येऊन रडली म्या. पन पोरगी चांगली झाली, आता कायचा राग? मानूस घाबरला का बोलते कायबी. तुमी भेतरे हा, पहिल्यापासून. मले माईत हाय."

तिने मला माफ केलं. लहान गुन्ह्याची माफी तिने पुढे केली आणि मी ती घेतली, जणू तेवढाच गुन्हा होता. मोठा तिच्या अंगणात, त्या माफीखाली झाकून ठेवून मी चहा पिऊन आलो. काच फोडून दुसऱ्यावर ढकलणं याला शाळकरी खोटेपणा म्हणता येईल. हे जे मी नालवाडीला केलं, त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

नळी आली. प्रबंध पूर्ण झाला. त्यात लाल औषधावरचं प्रकरण सगळ्यात लांब आहे, आणि "औषध बांधले गेल्यावर द्रावणाची तार लांबते व तिचा लवचीकपणा घटतो" अशा अर्थाचं एक वाक्यही आहे, इंग्रजीत. आभाराच्या पानावर खाटकाचासुद्धा उल्लेख आहे. तिचा नाही. उल्लेख केला असता तर कुणीतरी विचारलं असतं, ही बाई कोण, आता कुठे असते?

मध्यंतरी कळलं, की त्या मुलीनंतर तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. मला हे भाजीबाजारात तिच्या सासूने सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता. "देवानं एकच लेहली तिच्या नशिबी," म्हणाली. मी पिशवी तिथेच विसरून आलो. त्या लाल रंगामुळे झालं का? मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. अशी बाळं त्या गल्लीत आणखी कितीतरी घरांतून गेली असतील, ज्यांनी कधी काचेची कांडी पाहिली नाही. बोटाच्या टोकावर चढलेला रंग पोटात जाऊन, रक्तात जाऊन काय करतो, याचं मोजमाप माझ्या स्टॉपवॉचमध्ये नव्हतं. शास्त्राचा माणूस म्हणून मी प्रामाणिकपणे 'माहीत नाही' म्हणू शकतो. पण तिला माहीत नाही हे निराळं, आणि मला माहीत नाही हे निराळं. तिला तर प्रश्नच माहीत नाही. ती नशिबाला बोल लावते, कदाचित स्वतःलाही लावत असेल.

आता ऐंशीचं दशक सरत आलंय. ती सरकी निवडायच्या कामाला जाते असं ऐकतो. मुलगी शाळेत जाते, अकरा-बारा वर्षांची. मागच्या महिन्यात रस्त्यात दिसल्या दोघी. मुलीच्या हातात शाळेची तकली होती, अजून असते ती आमच्याकडे. चालता चालता तिने ती फिरवली, सूत तुटलं, आणि तिने बोट जिभेला लावलं. आई हसली आणि मला पाहून म्हणाली, "पाहा सर, तुमची कारागीर."

मी थांबलो. मुलीच्या बोटावर फक्त ओल होती, पांढरं सूत होतं, बाकी काही नव्हतं. तरी माझी नजर तिच्या जिभेवर गेली. अकरा वर्षं मी त्या पोरीकडे असंच पाहत आलोय. ती खोकली तरी, लंगडली तरी. आणि पुढे तिलाही मुलं होतील. सुतातली चूक कधीकधी एक पिढी गप्प बसते, हेही मीच शिकलेलो आहे.

"ताई, एकदा घरी येतो. बोलायचं आहे," मी म्हणालो.

"या ना. कायचं बोलनं?"

"येऊन सांगतो."

त्याला तीन आठवडे झाले. गेलो नाही. सायकल दोनदा बाहेर काढली होती. त्याऐवजी हे लिहीत बसलो, आणि लिहिताना कळलं, की हेही एक प्रकारे खणातच ठेवणं आहे.

ती काच माझ्या हातून फुटली, हे तिला माहीत आहे. ते देणं तिने सोडलं. तो नुसता रंग नव्हता, तो डीएनएत घुसतो हे मला माहीत होतं, मी मोजे घालत होतो आणि तिला सांगितलं नाही. एवढं तिच्या तोंडावर, तिच्या ओट्यावर बसून, तिच्या मुलीच्या देखत सांगणं मी तिला अजून देणं लागतो.